टेक सतरा : फक्त खोकला

टेक १७

चार तारांचा तंबोरा. लांबी एक मिनिट. यंत्राने ‘साफ’ केल्यावर उरलेले आवाज, क्रमाने :

टक.
टक.
टक.
नानांचा खोकला.
टक.

संपले.

तंबोरा कुठे गेला?

मी हेडफोन काढले आणि नऊकडे बघितले. नऊ म्हणजे स्वरसंग्रहाचा परीक्षक यंत्रमानव. त्याचे पूर्ण नाव फार लांब आहे आणि शेवटी ९ आहे, म्हणून नऊ. तो माझ्याएवढाच उंच आहे, त्याला तीन चाके आहेत आणि तो कधीच पापणी मिटत नाही, कारण त्याला पापण्या नाहीत.

“हा तंबोरा नाही,” मी म्हणाले. “ही नुसती नखं वाजताहेत.”

“हमिंग शून्य,” नऊ म्हणाला. “ध्वनिमुद्रण स्वीकारण्यायोग्य. कृपया दोघांनी अंगठा ठेवावा. एक वाद्यकाराचा, एक ध्वनिमुद्रकाचा.”

वाद्यकार म्हणजे माझे नाना, दस्तगीर शिकलगार. मिरजेत साठ वर्षे तंबोरे बनवणारे. ध्वनिमुद्रक म्हणजे मी, मेहेर. वय बारा.

“नाही ठेवणार.”

“कृपया—”

“नाही म्हटलं ना!”

नाना तंबोऱ्यावर गाल टेकवून बसले होते. त्यांनी हळूच अंगठा पुढे केला. “ठेव गं पोरी. साहेब लांबून आलेत. आता काय, जे आहे ते आहे.”

मी त्यांचा अंगठा मुठीत धरून ठेवला.


टेक १६, म्हणजे त्याच्या आधीचे

आधी काय घडले ते सांगायला हवे, नाहीतर मी उगाच भांडते आहे असे तुम्हाला वाटेल. अम्मीला तसेच वाटते.

सन २०५८. आता बहुतेक तंबोरे छापतात. भोपळा नको, लाकूड नको. यंत्रात भुकटी घातली की सकाळपर्यंत तंबोरा तयार. पण छापील तंबोऱ्याने कसे वाजायचे, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. ते काम स्वरसंग्रहाचे. हाताने वाद्ये घडवणाऱ्या प्रत्येक घरी एक परीक्षक एकच दिवस येतो. त्या घरातल्या वाद्याचा आवाज त्याच घरात, घरच्याच साहित्यावर मुद्रित करायचा. पाच वाजता परीक्षक निघून जातो. मग पुढे जगभरातली यंत्रे त्या आवाजाबरहुकूम तंबोरे छापतात.

नानांचा हा शेवटचा तंबोरा. तंबोऱ्याच्या घोडीवर तारा टेकतात, ती जागा कानसून अशी घासावी लागते की तार छेडली की नुसती वाजत नाही, बोलते. त्याला जवारी म्हणतात. केसाएवढे जास्त घासले तरी जवारी जाते. नानांच्या बोटांना आता केसाएवढे कळत नाही. ते स्वतःच तसे म्हणाले आणि कानस पुसून ठेवून दिली.

म्हणजे असे : आज अंगठा ठेवला, तर पुढचे सगळे तंबोरे ‘टक, टक, खोकला’ असे वाजणार. अंगठा नाही ठेवला, तर पाच वाजता आमच्या घराच्या नावासमोर ‘नोंद नाही’ असे लिहिले जाणार.

वेळ : दुपारचे दोन वाजून चाळीस मिनिटे.

“मूळ मुद्रणात काय वाईट होतं?” मी विचारले.

नऊने न साफ केलेला टेक सोळा लावला. तंबोरा सुरू होण्याआधीची काही सेकंदे. तिथे शांतता असायला हवी होती.

घूंऽऽऽऽऽऽऽऽ.

“हे हमिंग,” नऊ म्हणाला. (हमिंग : विजेच्या उपकरणांतून मुद्रणात शिरणारा सलग आवाज.) “आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे होते. म्हणून हा आवाज पन्नास हर्ट्झचा असतो.” (हर्ट्झ : एका सेकंदात किती वेळा थरथर होते, ते मोजायचे एकक.) “विजेची लाट अगदी गुळगुळीत नसते, तिला कोपरे असतात. त्या कोपऱ्यांमुळे पन्नासाच्या पटीतले आवाजही तयार होतात. शंभर, दीडशे, दोनशे आणि पुढे. माझा कंगवा ते सगळे काढून टाकतो.”

“कंगवा?”

“त्याचे दाते पन्नास-पन्नास हर्ट्झवर आहेत. त्या जागी जो सलग आवाज सापडेल, तो निघतो.”

“आणि त्याबरोबर नानांचा तंबोरापण निघाला!”

“तुमचा तंबोरा सलग वाजतो,” नऊ म्हणाला. “न थांबता. हमिंगसारखा. मला फरक करता आला नाही.”

“साठ वर्षांत माझ्या तंबोऱ्याला कुणी असं बोललं नव्हतं,” नाना म्हणाले.


टेक १८

मी ठरवले. कंगवा वापरायचा नाही. घूंऽ येते कुठून, ते शोधायचे.

“नियमात साफ करणे पुरेसे आहे,” नऊ म्हणाला.

“माझ्या नियमात नाही.”

आमचे साहित्य सांगते. माइक. माइकचा बारीकसा आवाज मोठा करणारा मिक्सर (चटणीचा नव्हे, आवाजाचा). मिक्सरमधून एक तार निघते ती रेकॉर्डरमध्ये. आणि ऐकण्यासाठी कोपऱ्यात एक छोटा स्पीकर, तोही रेकॉर्डरला जोडलेला. अम्मी ओरडेपर्यंत तो सकाळ-संध्याकाळ चालूच असतो.

पहिला संशय स्पीकरवर. तो घूंऽ करत असेल आणि माइक ते ऐकत असेल. मी स्पीकर बंद केला. मुद्रण केले.

घूंऽऽऽ.

म्हणजे आवाज हवेतून येत नाही. मी स्पीकर परत चालू केला.


टेक १९

माइक काढून टाकला. मिक्सरला आता कान नाही, तो बहिरा. मुद्रण केले.

घूंऽऽऽ.

“काय गं, माइक नसताना कसला आवाज टिपतेस?” नानांनी विचारले.

“तेच तर! माइकमधून आलाच नाही, तरी आहे. म्हणजे तो तारांमध्येच आहे.”

नऊचे एक चाक माझ्या बाजूला वळले.


टेक २०

(हा टेक तुमचा. वाचणे थांबवा. घरात फ्रीज असेल तर त्याच्याजवळ जा आणि कान द्या. ऐकू आले? आता सांगा, काल तो आवाज येत होता का? परवा? येतच होता. तुम्ही तो ऐकणे सोडून दिले होते. हे लक्षात ठेवून परत या.)


टेक २१

मिक्सर आणि रेकॉर्डर यांना जोडणारी तार उपसली.

शांत.

अगदी शांत. तार परत जोडली. घूंऽऽ. उपसली. शांत.

“दोघं एकेकटे शहाणे आहेत,” मी म्हणाले. “एकत्र आले की भांडतात. नऊ, का?”

“तो माझा विषय नाही. माझा विषय साफ करणे आहे.”

“तुला माहिती आहे की नाही?”

नऊने दोन सेकंद घेतले. यंत्रमानवासाठी दोन सेकंद म्हणजे आपली अख्खी दुपार.

“मिक्सरचा प्लग कुठे आहे?”

“इथे. कारखान्यातल्या बोर्डावर.”

“रेकॉर्डरचा?”

तो स्वयंपाकघरात होता. कारखान्यातल्या बोर्डाला भोके दोनच. एकात मिक्सर, दुसऱ्यात नानांची सरस गरम ठेवायची शेगडी. सरस म्हणजे लाकूड चिकटवायचा डिंक. तो गार झाला की दगड होतो. त्यामुळे त्या प्लगला आमच्या घरात कुणीही हात लावत नाही. मी पाळण्यात असताना शिकलेली ही पहिली गोष्ट असावी. म्हणून चार महिन्यांपूर्वी मी रेकॉर्डर आणि स्पीकरसाठी स्वयंपाकघरातून खिडकीवाटे लांब वायर आणली होती.

“अर्थिंग एकच आहे का?” नऊने विचारले. (अर्थिंग : उपकरणात बिघाड होऊन वीज बाहेरच्या पत्र्यावर आली, तर ती माणसाच्या अंगातून न जाता सरळ जमिनीत जावी म्हणून केलेली सोय. प्लगची तिसरी, जाड पिन तिचीच.)

“दोन,” नाना म्हणाले. “कारखान्याचा खड्डा पेरूखाली, माझ्या वडिलांनी खणलेला. मीठ आणि कोळसा मी स्वतः भरलाय. घराचा नवा, मोरीमागं.”

“पेरूखालची जमीन कोरडी आहे?”

“पेरूच वाळलाय बघा साहेब.”

मग नऊने जमिनीवर बोटाने दोन चौकोन काढले. आता तो सांगत होता आणि मी ऐकत होते.

“पाण्याच्या दोन टाक्या समजा. एकीत पातळी थोडी वर, दुसरीत थोडी खाली. वेगवेगळ्या असताना काही होत नाही. मध्ये नळी जोडली की?”

“पाणी वाहतं.”

“तुमचे दोन खड्डे म्हणजे दोन टाक्या. एक ओला, एक कोरडा, त्यामुळे विजेची पातळी किंचित वेगळी. तुमची मिक्सर ते रेकॉर्डर तार—”

“ती नळी!” मी ओरडले. “खड्ड्यातून मिक्सर, मिक्सरातून तार, तारेतून रेकॉर्डर, तिकडून दुसरा खड्डा!”

“आणि दोन्ही खड्डे जमिनीतून जोडलेलेच आहेत. वर्तुळ पूर्ण. याला अर्थिंगचा फेरा म्हणतात. त्यातून जो प्रवाह फिरतो, तो सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होतो. त्याच तारेतून तंबोऱ्याचा नाजूक आवाज चाललेला असतो. प्रवाह त्याच्या पाठीवर बसून आत येतो.”

“मग अर्थची पिनच काढून टाकली तर? नळी तुटेल.”

“नाही!” हे नाना आणि नऊ एकदम म्हणाले.

नानांनी डावा हात वर केला. करंगळीजवळ पांढरा डाग आहे. “तुझ्या वयाचा असताना पिन तोडली होती मी, प्लग बसत नव्हता म्हणून. त्या पिनेमुळं माणूस जगतो, पोरी. आवाज येऊ दे, नाही तर न येऊ दे. पिन तोडायची नाही.”


टेक २१ आणि २२ यांच्यामध्ये

आता मला घाई होती. पावणेचार झाले होते. पण नाना एका जागी अडकले होते.

“एक सांगा साहेब. हा घूंऽ स्पीकरातून रोज येत होता?”

“तुमच्या जुन्या मुद्रणांवरून दिसते की चार महिने.”

“आणि मला ऐकू आला नाही?” नानांचा आवाज बारीक झाला. “रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलची घंटा कुठल्या सुराची आहे ते सांगतो मी. मला ऐकू आला नाही?”

“तुमचा तंबोरा मोजला आहे,” नऊ म्हणाला. “मधल्या दोन्ही तारा, सा, दोनशे हर्ट्झ. पंचम दीडशे. खर्ज, म्हणजे खालचा सा, शंभर.”

“काहीतरीच. माझा सा काळी चार. लग्नाच्या आधीपासून.”

“पेटीवर काळी चारचा सा साधारण दोनशे आठ. पांढरी पाचचा एकशे शहाण्णव. तुमचा दोन्हींच्या मध्ये आहे.”

मी आकडे पुन्हा मनात म्हटले. शंभर. दीडशे. दोनशे. पन्नासाच्या पटी. हमिंगचे आकडे!

“नाना, मेन स्विच बंद करा.”

“का?”

“करा ना!”

नानांनी मेन स्विच खाली ओढला. फ्रीज थांबला, पंखा थांबला, शेगडी गेली, कोपऱ्यातला स्पीकर गेला. घर इतके गप्प झाले की मला माझेच कान ऐकू येऊ लागले. नऊ स्वतःच्या बॅटरीवर तेवढा चालू.

“आता तंबोरा लावा.”

त्यांनी खुंट्या सैल केल्या, डोळे मिटले आणि पहिल्यापासून लावायला घेतले. खुंटी, मग तारेवरचा बारीक जुळवायचा मणी, मग खुंटी. किती वेळ लागला कोण जाणे. शेवटी त्यांनी चारही तारांवरून बोट फिरवले.

“सा, दोनशे सात पूर्णांक सहा दशांश,” नऊ म्हणाला. “काळी चार.”

नानांनी डोळे उघडले. ते भरलेले होते. “म्हणजे चार महिने मी विजेच्या सुरात लावत होतो? माझा कान गेला गं मेहेर.”

“नाही गेला!” मला इतका राग आला की मी उभी राहिले. “नाना, बघा ना. शंभर म्हणजे खर्ज. दीडशे म्हणजे पंचम. दोनशे म्हणजे सा. ते हमिंग नव्हतंच नुसतं, तो अख्खा लावलेला तंबोरा होता! दुसऱ्या कुणाच्या घरी आवाज आला असता, तर लोक म्हणाले असते, काहीतरी बिघडलंय. तुमच्या कानाला तो सूर वाटला, कारण तो सूर होता. तुम्ही त्याच्याशी जुळवून घेतलंत. एवढं बारीक जुळवलंत की यंत्राच्या कंगव्यालापण फरक कळला नाही. कान गेलेल्या माणसाला हे जमलं असतं का?”

नानांनी तंबोऱ्याच्या भोपळ्यावरून हात फिरवला.

“साहेब,” ते म्हणाले, “पोरगी माझ्यावर गेलीय.”

“ते माझ्या नोंदीत बसत नाही,” नऊ म्हणाला.


टेक २२

रद्द. कारण पुढीलप्रमाणे.

मेन स्विच चालू केल्यावर नऊने तोडगा सुचवला. तंबोरा आता दोनशे सातवर आहे. कंगव्याचे दाते दोनशेवर. तंबोरा दातांच्या मधून सुटेल. फेरा तसाच ठेवा, हमिंग साफ करू, साडेचारला अंगठा.

नाना म्हणाले, “बरंय की.”

मी म्हणाले, “थांबा. एका तारेतून एकच आवाज येतो का?”

“नाही. तिच्या पटीतले अनेक. जवारी चांगली असली, तर फारच अनेक.”

“खर्ज एकशे तीन पूर्णांक आठ. त्याची तेरापट किती?”

“एक हजार तीनशे एकोणपन्नास पूर्णांक चार.”

“आणि तुझा दात?”

“एक हजार तीनशे पन्नासवर. म्हणजे तो आवाज निघून जाईल.”

“तसे अजून किती?”

“मोजतो आहे.”

“मोजू नकोस. नानांनी तो एकेक आवाज कानशीने घासून बाहेर काढलाय. तू एकही काढायचा नाहीस.”


टेक २३

चार वाजून सव्वीस मिनिटे.

उपाय सोपा आहे. सगळ्यांचे प्लग एकाच बोर्डावर लावायचे. मग अर्थिंग एकच, टाकी एकच, पातळी एकच. नळी जोडली तरी वाहणार काय?

पण बोर्डाला भोके दोन. एकात मिक्सर. लांबचा बोर्ड, म्हणजे एक्स्टेन्शन, लावून त्यातून सगळ्यांना वीज द्यायची, तर त्याचा जाड पिनांचा प्लग मिक्सरच्या बारीक भोकात जात नाही. तो फक्त मोठ्या भोकात बसतो आणि त्यात शेगडी.

मी शेगडीच्या प्लगकडे बघितले. मग नानांकडे. मी नऊशी भांडू शकते, अम्मीशी भांडू शकते, पण त्या प्लगला हात लावायला मला जमेना.

नाना उठले. गुडघ्यावर हात टेकवून खाली वाकले आणि त्यांनी स्वतः तो प्लग काढला.

“शेवटचा तंबोरा चिकटवून झाला,” ते म्हणाले. “सरस गार होऊ दे. आवाज मात्र गार होता कामा नये.”

मोकळ्या भोकात लांबचा बोर्ड. त्यात मिक्सर, रेकॉर्डर, स्पीकर. तीन प्लग, तिन्हींच्या अर्थच्या पिना जागेवर. मुद्रणाची तार आणि विजेच्या वायरी एकमेकींपासून हातभर दूर, कारण शेजारी शेजारी ठेवल्या तर वीज तिथूनही आत डोकावते (हे नऊने न विचारता सांगितले).

मी हेडफोन घातले. डोळे मिटले.

काही नाही.

काहीच नाही! पेरूवरचा बुलबुल, गल्लीतली सायकल आणि नानांचा श्वास. बस.


टेक २४

चार तारांचा तंबोरा. लांबी तीन मिनिटे.

काय ऐकू आले ते मी लिहू शकत नाही. पंचम, सा, सा, खर्ज एवढे लिहिता येते. पण खर्ज वाजल्यावर त्याच्या वर, कुणी न छेडलेला एक गंधार तरंगत आला. एकही तार गंधाराला लावलेली नव्हती. तो खर्जाच्या पटींमधून जन्मला होता. हीच ती जवारी.

नऊने तीनही मिनिटे चाके हलवली नाहीत.

“साफ करण्यासारखे काही नाही,” तो म्हणाला.

मग अर्ज आला. मी त्यावर जे भरले ते असे :

वाद्यकार : दस्तगीर शिकलगार
सा : काळी चार
आवाज साफ केला आहे का : नाही
कारण : घाण आवाजात नव्हती, वायरिंगमध्ये होती

“शेवटचे वाक्य नियमाबाहेर आहे,” नऊ म्हणाला.

“राहू दे.”

त्याने ते राहू दिले. चार वाजून त्रेपन्न मिनिटांनी नानांचा अंगठा, मग माझा.


अर्जाच्या मागची बाजू

आम्ही जिंकलो होतो. चहा ठेवायला हवा होता. पण मला एक प्रश्न पडला आणि तो पडायला नको होता असे अम्मी अजूनही म्हणते.

“नऊ, तू याआधी किती घरं साफ केलीस?”

“तंबोऱ्यांची तीनशे बारा.”

“त्यातली किती आमच्या टेक सतरासारखी निघाली? रिकामी?”

“सत्तावीस. त्यांची नोंद ‘वाद्य क्षीण’ अशी आहे.”

नानांनी मान वर केली. “क्षीण? कुणाकुणाचं?”

नऊने नावे सांगितली. त्यातली तीन मिरजेची. पहिले आमच्याच गल्लीतले, चौथे घर. सलीमचाचांचे. सलीमचाचांनी गेल्या महिन्यापासून कारखान्याला कुलूप लावले आहे. मला वाटले होते ते आजारी आहेत.

“त्यांचं परत मुद्रण करायचं,” मी म्हणाले.

“त्यांची नोंद पूर्ण झाली आहे.”

“खोड.”

“खोडण्याचा रकाना अर्जात नाही.”

“मग रकाना वाढव! वर लिही, यंत्राच्या चुकीमुळे. आणि कंगव्याला सांग, आधी हमिंग कुठून येतंय ते शोधायचं, सापडलंच नाही तर मग हात लावायचा.”

“पाच वाजले. माझी फेरी संपली आहे.”

“तू जा मग. आम्ही चाललो.”

मी लांबचा बोर्ड काखोटीला मारला. नानांनी चपला घातल्या आणि तंबोरा खांद्यावर घेतला. गल्लीत उतरलो, तेव्हा मागून तीन चाकांचा कुरकुर आवाज आला. मी वळून बघितले नाही.

“रकाना वाढवण्यासाठी वरिष्ठांना कळवावे लागेल,” मागून नऊ म्हणाला. “कळवले आहे. उत्तर येईपर्यंत मी थांबू शकतो.”


टेक १

पत्ता : चौथे घर.

“चाचा, दार उघडा! तुमचा तंबोरा क्षीण नाहीये!”